तंबूतला पंखा मंद कोण करतं?

डरबन, रविवार दुपार

वडीलधारे सान्दलानामामा यांस भाचा म्झोक्सोलो याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि ती शिंग मोडलेली गाय, तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे मी, नोकवांडा आणि तिची आई ठीक आहोत. (रोपांचं खाली लिहितो.)

मामा, दरड कोसळून तुमचं डोंगरावरचं शेत गेलं तेव्हा गांजाचं उरलंसुरलं बी तुम्ही माझ्या हातावर ठेवलंत आणि म्हणालात, "हे बुडालं की आपल्या घराण्याचा वाण बुडाला." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. तुमच्याकडे वारा फुकट होता. इथे समुद्राच्या हवेत चादरसुद्धा वाळत नाही. म्हणून मागच्या खोलीत तंबू उभारला: आत दिवे, वर दमट हवा बाहेर ओढणारा पंखा, खाली ताजी हवा यायला झडपा, शिवाय दमटपणा मोजायचं यंत्र. फुलोऱ्यात आकडा पन्नाशीच्या खाली हवा, नाहीतर कळ्या आतून बुरसतात. माझा आकडा सत्तर! पंखा जोरात लावून कामावर जावं, परत येऊन बघावं तर मंद. झडपा उघडून जावं, तर आल्यावर त्यांत चिंध्या कोंबलेल्या. यंत्र बिघडलं म्हणून दुसरं आणलं, ते बहात्तर म्हणालं. (दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की दुखणं वाढतंच.) नोकवांडाला विचारलं तर म्हणाली, "मला दुसरे उद्योग नाहीत होय रे?" मग मी पूर्वजांवर संशय घेतला. त्यांची माफी मागितली आहे.

परवा सकाळी कळ्या तपासत होतो, तर मागच्या कोपऱ्यातल्या झाकलेल्या बादलीने चक्क ढेकर दिला. (ती रोपांच्या पाण्याची, अशी माझी आपली समजूत.) झाकण काढलं तर आत ज्वारीची बिअर फसफसतेय! सासूबाईंनी घरातली सगळ्यात उबदार जागा बरोबर हेरली होती. बिअरला ऊब लागते, वारा सोसत नाही. म्हणून पंखा मंद आणि झडपा बंद. सगळा उलगडा झाला आणि मी आधीपेक्षा जास्त गोंधळलो. कारण बोलणार कसा? जावयाने सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, सरळ बोलायचं नाही, हे लग्नाच्या वेळी तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलंत. त्यांनाही तीच बंधनं. तेव्हा आम्ही एकमेकांना चुकवत एकाच तंबूत जातो. मी पंखा वाढवतो, त्या कमी करतात. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासूबाईंशी एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. नोकवांडाकरवी निरोप धाडावा, तर ती म्हणते, "आईची बादली मी नाही हलवणार. तुझं जंगल तू हलव." काल एक कळी तपकिरी पडली, ती कापून टाकली.

मामींना नमस्कार, गाईला चारा.

तुमचा,
म्झोक्सोलो

ता. क. खरं काम असं की, शनिवारची बस पकडून या. सासूबाईंसमोर बसून बोलायचा मान तुमचा. लग्नाच्या बोलण्यांत, मुलीसाठी द्यायच्या गाई ठरवताना, तुम्ही त्यांना दोन गाई खाली आणलं होतंत, मग एक बादली खोलीबाहेर आणणं काय अवघड आहे?

ता. क. दुसरा. पत्र चिकटवता चिकटवता नोकवांडा म्हणाली, "बिअर कशासाठी ते विचारलंस का कधी? तुझ्या रोपांसाठीच आहे ती! तुझी तगमग बघवेना, म्हणून आई पूर्वजांना बिअर वाहणार आहे, रोपं वाचावीत म्हणून. तुझ्या पंख्यापायी तिच्या दोन बादल्या वाया गेल्या, ही तिसरी." मामा, मला रडूच फुटलं. तेव्हा येऊ नका. म्हणजे या, पण बोलू नका. वाणाचं काय होईल ते मला खरंच कळत नाही. आत्ताच तंबूत जाऊन पंखा मंद केला, आणि झडपेतली एक चिंधी निसटली होती, ती नीट कोंबून आलो.