घरची चौकशी

ट्रॉय, मिशिगन
१२ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप नानांना सुचित्राचा वाकून नमस्कार.

शुक्रवारी कोर्टात माझी पहिली साक्ष झाली! तीनदा शिक्षा भोगलेल्या आरोपीला जामीन द्यायचा की धोकादायक म्हणून आतच ठेवायचं, यासाठी त्याच्या मनाची तपासणी माझ्याकडे होती. माणूस इतका गोड, की आईच्या मरणाचं सांगताना तो रडला आणि डोळे माझे भरले. पण तुम्ही शिरस्तेदार असताना जुने कागद वाचल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नव्हतात, तेच मी केलं. तर त्याची आई जिवंत! गेल्याच महिन्यात त्याला भेटून गेलेली. खोटं सहज, खंत कशाचीच नाही, असं मी लिहिलं आणि जज्जांनी ते मानलं. तुम्ही मागच्या बाकावर हवे होतात.

आईचा गुडघा कसा आहे?

एक चूक मात्र झाली. तपासणीत त्याने आपुलकीने घरची चौकशी केली आणि मी आपल्या सवयीने सांगलीच्या गल्लीपर्यंत सगळं सांगून बसले. निकालानंतर जाताना हसून म्हणाला, "से हॅलो टु नाना."

तुम्ही प्रत्येक पत्राला उत्तर देता, नाना. अमेरिकेतून माझ्याशिवाय कुणाचं आलं, तर देऊ नका.

तुमची,
सुचित्रा