टाकीतला गाळ

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी वही. गॅरेज झकास आहे. भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले, फरशीवर तेलाचा डाग शोधून सापडत नाही. माझी खोली वरच, सोळा पायऱ्या चढून. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात, मीही म्हणायला लागलो. महिनाभर काम बघतो, मग कायम करतो, असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं. कायम झालो की बायको आणि चिमणी इकडे येणार. चिमणी म्हणजे आमची मुलगी, सहा वर्षांची. दोन वर्षं मी फक्त सुटीच्या दिवसापुरता बाप आहे. आता पुरे झालं. इथे कोणाला नाव ठेवायला जागा द्यायची नाही.

४ मार्च, मंगळवार

पहिलंच काम डोक्याला ताप. बेकरीवाल्याची डिझेल व्हॅन. सपाटीला वाऱ्यासारखी पळते, मोठ्या चढावर निम्म्यात दम सोडते. पंधरा मिनिटं थांबली की पुन्हा ठणठणीत. आमच्यापुढे उभी केली की शहाण्या बाळासारखी चालते. दोन गॅरेजांनी हिच्यापुढे हात टेकलेत. उस्ताद गालात हसले आणि म्हणाले, ही तुझी परीक्षा समज.

बेकरीवाला भला माणूस आहे, पण रंग मैद्याच्या गोळ्यासारखा. गाडीपासून दारापर्यंत चालत येताना मध्येच खाली टेकला. मी पाणी देऊ का विचारलं, तर हात हलवून म्हणाला, "काही नाही, बसलं की जातं." आणि खरंच, पाच मिनिटांनी उठून गप्पा मारायला लागला.

६ मार्च, गुरुवार

फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, टर्बोचे पाइप तपासले, इंजेक्टर तपासले. सगळं ठीक, आणि व्हॅन पुन्हा चढावर मेली. जुना फिल्टर कापून बघितला तर आत काळपट बुळबुळीत थर, शेंबडासारखा. उस्ताद म्हणाले, टाकीत पाणी साचलं की डिझेलखाली असलं शेवाळ धरतं, नवल नाही. नवल नसेल, पण वास? डिझेलचा वास मला अत्तरासारखा वाटतो. हा मात्र आठवडाभर झाकून ठेवलेल्या मटणाचा होता. हात तीनदा धुतले तरी जेवताना बोटांना येत होता. अर्धं ताट टाकून दिलं.

७ मार्च, शुक्रवार

दोष सापडला! गाडी जोर लावते तेव्हा टाकीतून डिझेल जास्त ओढलं जातं, त्याबरोबर गाळ येऊन पाइपच्या तोंडावर बसतो. गाडी थांबली की ओढ थांबते, गाळ सुटून खाली जातो. म्हणून विश्रांती घेतली की बरी.

टाकी रिकामी करायची होती. उस्तादांनी हातपंप दाखवला. मी म्हटलं, पंप नवशिक्यांसाठी. पंधरा वर्षं मी नळी टाकीत सोडून तोंडाने डिझेल ओढतोय, थेंब कधी गिळला नाही. आज गिळला. थेंब कसला, घोटभर. कोमट होतं. आणि त्यात काहीतरी लांब, मऊ होतं. घशाला चिकटलं, मग आपसूक खाली उतरलं. ओकून ओकून आतडी पिळवटली, पण ते काही वर आलं नाही.

टाकी खरवडली. परातभर गाळ निघाला, केसांसारख्या काळ्या धाग्यांचा. अंगणात जाळून टाकला.

८ मार्च, शनिवार

व्हॅन चढ चढली, एका दमात. उस्तादांनी पाठ थोपटली. महिना कशाला बघायचा म्हणाले, कायम!

बेकरीवाल्याला मात्र आनंद नाही. डिझेल कसं काढलं, एवढंच विचारत होता. मी तोंडाने म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. गेल्या महिन्यात व्हॅन रस्त्यात अडली तेव्हा त्यानेही असंच ओढलं होतं म्हणे. किल्ली घेऊन निघून गेला.

१० मार्च, सोमवार

जिन्याच्या दहाव्या पायरीवर अडलो. श्वास आत जाईना, घशाला आतून बोळा बसल्यासारखा. टेकलो. सुटलं. ठणठणीत.

तोंडाला तोच वास. तीनदा दात घासले.

११ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं साफ म्हणाले. असणारच, मी खुर्चीत बसलो होतो. चढावर तपासा म्हटलं तर हसले.

संध्याकाळी खोकताना जिभेवर धागा आला. काळा. चिमटीत धरून ओढला. वीतभर निघाला, मग ताणला गेला, आणि पोटात काहीतरी हललं. मी सोडला. तो परत आत गेला. स्वतःच. शी.

१२ मार्च, बुधवार

बेकरीवाला मोठ्या चढावर मेला. पायी जात होता. बघायला गेलो. तोंड उघडंच होतं, बायका पदर नाकाला लावून उभ्या. घशातून काळं काहीतरी ओठापर्यंत आलेलं — आणि ते अजून —

मी पळालो. चढावर नाही.

१३ मार्च

घरी कळवलं, इतक्यात येऊ नका. कारण सांगितलं नाही. काय सांगू? पेला, ताट, टॉवेल सगळं वेगळं ठेवलंय. माझीच मला शिसारी येते.

१४ मार्च

आल्या. उस्तादांनीच परस्पर फोन करून बोलावलं, मला चकित करायला. चिमणी पळत वर आली. मी दारातच अडवलं, पापा घेऊ दिला नाही, तर फुगली. बायको बघतच राहिली.

मी सामान आणायला खाली गेलो. पाचव्या पायरीवर बसावं लागलं. वर आलो तर माझी पाण्याची बाटली चिमणीच्या हातात. रिकामी. तहान लागली होती म्हणे.

तळाशी बुळबुळीत थर. हिरवट-काळा. मी बोटं घालून तिला ओकायला लावलं. ती रडली, बायको माझ्या अंगावर ओरडली. नुसतं पाणी निघालं. नुसतं पाणी.

१५ मार्च

सकाळी चिमणी अंगणात खेळून वर येत होती. मी दारातून पायऱ्या मोजत होतो. सात. आठ. नऊ.

थांबली. टेकली. मी धावलो तर मान वर करून हसली.

"काही नाही बाबा, बसलं की जातं."

हे तिला कोणी शिकवलं नाही. मी तर तिच्यासमोर कधीच —

तिच्या दातांत धागा. मी धरला नाही. धरवला नाही.

बायको तिला घेऊन डॉक्टरकडे गेली. मला सोबत जाता आलं नाही — रस्ता चढाचा. मागून ओरडून सांगायचं होतं, तिला खुर्चीत बसवून तपासू नका, चालवा, चढवा — आवाज फुटला नाही. म्हणून लिहून ठेवतोय, कोणीतरी नेऊन —

घसा भरत आलाय. हाताचा जोर —

पण मी तर बसलोच आहे. बसलोय तरी जात ना —