विमानातली एकच जागा

सौंसर, ११ नोव्हेंबर २०२४

चि. मोरेश्वर यास उषाताईचे अ. आ.

फोनवर मला आता काही ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. भूपेंद्र तुम्हा दोघांना नागपूरच्या विमानतळावर सोडायला गेला, अन् परत येऊन सांगतो, की विमानात एकटी नलिनी गेली, मामा मागं राहिला. अरे, जी बाई मोहगावच्या बाजारात एकटी जात नाही, तिला तू बंगलोरला एकटी धाडली? तिकडे शिवानी बाळंतपणाला दवाखान्यात, जावई परदेशात, आणि बाप नागपुरात उभा. काय घडलं ते नीट लिही.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
उषाताई

पांढुर्णा, १४ नोव्हेंबर २०२४

ती. उषाताईस मोरेश्वरचा सा. न. वि. वि.

शिवानीला मुलगी झाली, हे भूपेंद्रनं तुझ्या कानाशी ओरडून सांगितलंच असेल. आता माझी फजिती ऐक.

विमानात शेजारी बसायचे वेगळे पैसे, पिशवीचे वेगळे, प्यायच्या पाण्याचेही वेगळे, तेही सोसलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, की एकच जागा उरली आहे. काही लोक येत नाहीत म्हणून कंपनी जागांपेक्षा जास्त तिकिटं विकते, आणि आज नेमके सगळेच आले. मी विचारलं, की एकच संत्र्याचा बगीचा दोन व्यापाऱ्यांना विकला, तर आमच्याकडे लोक काय करतात ठाऊक आहे का. ती म्हणाली, की जास्तीची तिकिटं विकणारे दूर कुठंतरी बसतात, शिव्या मात्र आम्ही खातो. तिचे डोळे भरून आले. मग मला धड भांडताही येईना.

मी म्हटलं, मी जातो. तर नलिनीनं माझ्या हातातला तिकिटाचा कागदच घेतला. म्हणाली, की बाळंतिणीजवळ तुमचं काय काम, बाहेर बाकावर बसून राहाल. आणि गेली. मला दोन दिवसांनंतरचं विमान देत होते, ते मी नाकारलं. ट्रेनचं रिझर्वेशन आत्ता कुठं मिळालं, उद्या निघतो. त्या कंपनीचं पुन्हा तोंड पाहणार नाही.

रागव, पण लोभ कमी करू नको.
तुझा मोरेश्वर

बंगलोर, २० नोव्हेंबर २०२४

ती. उषाताईंना नलिनीचा सा. न. वि. वि.

तुमची नात कपाळाला आठ्या घालून झोपते, अगदी तिच्या आजोबांसारखी.

खरं सांगते, विमान उडालं तेव्हा मी रामरक्षा पुटपुटत होते. पट्टासुद्धा शेजारच्या बाईनं लावून दिला. दवाखान्यात पोचले तर शिवानी एकटी, घामानं भिजलेली. तिनं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी फुटली. थोड्या वेळानं मुलगी झाली. आम्ही दोघंही दोन दिवसांनी आलो असतो, तर तिनं कुणाचा हात धरला असता? तो विचार आला, की माझंही डोकं फिरतं.

हे पाठ आखडून आले. आता रोज कंपनीला तक्रार लिहून राहिले. मशीन उत्तर देते, की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. ते उत्तर हे मोठ्यानं वाचतात, बाळ दचकून उठतं, अन् शिवानी माझ्यावर चिडते.

परतीला दोघं ट्रेननं जाऊ, असं यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी सांगितलं, की तुम्ही खुशाल ट्रेननं या, मी विमानानंच येणार, एकटी. या खेपेला जागा दिली नाही, तर काउंटरपुढून हलणार नाही. तेव्हापासून तोंड फुगवून बसले आहेत.

भूपेंद्रला म्हणावं, आधी मला घ्यायला नागपूरला ये. यांची गाडी दुसऱ्या दिवशी पोचते.

माया आहे तशी राहू द्यावी, यांच्यावरही.
आपली नलिनी