चौतीस एप्रन आणि वॉल्टचा नियम

प्रिय लोरेटा,

थोरल्या बहिणीला धाकट्या कॉन्स्टन्सचा सादर नमस्कार, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा. कसा आहे तो? जुना निदान कधी रुसतो हे आधी कळायचं. नव्याचा स्वभाव कळायला वर्ष जातं म्हणतात. मी ठणठणीत आहे. रक्तदाब थोडा वाढलाय, पण तो विजयाचा आहे, त्यावर गोळी घेणार नाही. या आठवड्यात तू चार वेळा माझा फोन आपटलास, म्हणून हे पत्र. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी तू ते वाचशील याची मला खात्री आहे (आईला आलेली पत्रं किटलीच्या वाफेवर कोण उघडायचं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही).

तुमच्या गावच्या रेडिओवर म्हणे सांगितलं की काही वृद्ध महिलांनी सिनेटच्या आरोग्य समितीत गोंधळ घातला. खोटं आहे. पंचेचाळीस वर्षं मी शाळेत नर्स होते; गोंधळ कशाला म्हणतात ते मला कळतं. आम्ही रांगेत आलो, रांगेत बसलो, नाव पुकारल्यावर उठलो आणि दिलेल्या वेळात बोललो. गोंधळ सिनेटरांच्या चेहऱ्यावर होता, त्याला आमचा इलाज नाही. आणि ‘वृद्ध’ म्हणणारा तो निवेदक माझ्याच शाळेतला. त्याच्या केसांतल्या उवा मी दोनदा काढल्या आहेत.

तर पहिल्यापासून सांगते. ते सिनेटर हॅगस्ट्रॉमचं विधेयक तुला माहीतच आहे; तुमच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी सह्या गोळा झाल्या, त्यांत तुझीही होती (अक्षर मी ओळखलं, ‘ल’ची शेपटी अजून तशीच). अठरा वर्षांखालच्या ज्या मुलांना आपण जन्मताना मुलगा म्हणून नोंदवलं आणि जी खरं तर मुली आहेत, किंवा उलट, त्यांना कुठल्याही डॉक्टरने त्यासाठीचं हॉर्मोनचं औषध द्यायचं नाही. दिलं तर डॉक्टरचा परवाना जाणार. कागदावर तो एक परिच्छेद आहे. आमच्या घरी ती विनी आहे. माझी नात, माझ्या पेगची मुलगी, वय पंधरा, उंची माझ्यापेक्षा जास्त, ट्रॉम्बोन वाजवते (वाईट), बकऱ्या पाळते (उत्तम). तीन वर्षांपूर्वी हे पोर जेवायला उठत नव्हतं, लोरेटा. पेग रोज सकाळी तिच्या खोलीचं दार उघडण्याआधी क्षणभर थांबायची. का थांबायची, ते मी नर्स असल्यामुळे विचारलं नाही. मग एक डॉक्टरीणबाई भेटली, वर्षभर तपासण्या झाल्या, बोलणी झाली, औषध सुरू झालं, आणि आता ही पोरगी आमचा फ्रीज रिकामा करते. ते औषध बंद करायचं की नाही, हे नऊ माणसं ठरवणार होती, ज्यांतल्या सातांना स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव सांगता येत नाही. आणि त्या नऊ जणांचा अध्यक्ष कोण? तुझे चिरंजीव रसेल.

आता रसेलचा कावा ऐक. समितीने विधेयक मंजूर करून पुढे पाठवायला शेवटची मुदत होती गेल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचची. पाचच्या आत मत नोंदवलं गेलं नाही, तर विधेयक मेलं, ते थेट दोन वर्षांनी पुढच्या अधिवेशनात. सुनावणी आदल्या दिवशी ठेवली होती, संध्याकाळी सहाला. ती रद्द झाली, आणि शुक्रवारी सकाळी विधानभवनाच्या तळघरातल्या नोटीसफळ्यावर, कॅफेटेरियाच्या मेनूशेजारी, चिठ्ठी लागली: सुनावणी आज, दुपारी दोन वाजता. का? कारण दुपारी दोनला मुलं शाळेत, आई-बाप कामावर, आणि डॉक्टर दवाखान्यात. विरोधात बोलायला यायचं कुणी? हुशार आहे तुझा मुलगा. फक्त एक विसरला. ईस्टरच्या आधीच्या उपवासातला शुक्रवार, म्हणजे मटण वर्ज्य, मासे चालतात! त्या चाळीस दिवसांतल्या प्रत्येक शुक्रवारी दुपारी दोन वाजता आपल्या कॉन्व्हेंटच्या जितक्या मुली अजून जिवंत आहेत तितक्या सगळ्या विधानभवनाच्या समोरच्या कॅथेड्रलच्या तळघरात संध्याकाळच्या जेवणावळीचे मासे पिठात घोळवत असतात. लहानपणी तो स्वतः तिथे टेबलाखाली बसून तळलेले बटाटे चोरायचा! पण सिनेटर झाला की माणसाला तळघर दिसत नाही.

चिठ्ठी मला दाखवली ती कॅफेटेरियातल्या नॉर्माने. मी तशीच कॅथेड्रलच्या तळघरात गेले आणि म्हटलं, “मुलींनो, गॅस बंद करा.” बर्निसने विचारलं, “मासे?” सिस्टर पर्पेच्युआ खुर्चीत लिंबं चिरत होत्या (एक्याण्णव वर्षांच्या आहेत, एक कान गेलाय, सुरी नाही). त्या म्हणाल्या, “मासे मेलेलेच आहेत, बर्निस. ते थांबतील.” आणि आम्ही निघालो. चौतीस जणी, एप्रनसकट, कारण एप्रन काढायला वेळ नव्हता. दारावरच्या पोलिसाने सिस्टरची सुरी काढून घेतली आणि पावती दिली. विनीला घेऊन यायला पेगला निरोप धाडला. शाळा तीनला सुटते आणि तिथून गाडीने दीड तास, म्हणून वहीत तिचं नाव मी सगळ्यांच्या शेवटी लिहिलं.

हो, वही. इथे तुझ्या वॉल्टचं, रसेलच्या बापाचं, पुण्य कामाला आलं. आठवतं ना, लांडग्यांच्या कायद्यावर बोलायला वॉल्ट दोनशे मैल ट्रक चालवत राजधानीत आला होता, टाय लावून, आणि अध्यक्षाने वेळ संपली म्हणून त्याला न बोलताच परत पाठवलं? परत आल्यावर तो टाय त्याने कोठारात खिळ्याला अडकवला आणि पुन्हा कधी घातला नाही. रसेल निवडून आला तेव्हा त्याने पहिला नियम हाच करून घेतला: सुनावणी सुरू होण्याआधी वहीत ज्याचं नाव आहे, त्याला तीन मिनिटं मिळणार, आणि शेवटचं नाव संपेपर्यंत मतदान नाही. सगळं विधानभवन त्याला ‘वॉल्टचा नियम’ म्हणतं. तो मोडायची रसेलची काय बिशाद! दोनला तो आत आला, आम्हाला बघितलं, तळलेल्या माशांचा वास घेतला, आणि माझ्याकडे बघून नुसतं म्हणाला, “कॉनी मावशी.” मी म्हटलं, “अध्यक्ष महोदय.” त्याने वही उघडली आणि डोळे मिटले.

विधेयकाच्या बाजूचे पावणेतीनपर्यंत बोलले. मग आम्ही. सिस्टर पर्पेच्युआंच्या वक्तृत्वाच्या तासाला आपण हातात मेणबत्ती धरून तीन मिनिटं बोलायचो, ‘अं’ नाही, ‘म्हणजे’ नाही, ज्योत हलता कामा नये. साठ वर्षांनी त्याचा उपयोग झाला. आणि तुला वाटेल आम्ही वेळकाढूपणा केला, तर तसं मुळीच नाही. एकेक शब्द खरा होता. बर्निसने तिच्या पोटावरच्या हॉर्मोनच्या पट्टीबद्दल सांगितलं, ती कुठे लावते हेही (दाखवायला निघाली होती, मी एप्रन ओढला). डोलोरेस म्हणाली, माझा नवरा सत्तरीत खांद्याला पुरुषपणाची जेल चोळतो, त्याला कुणी सिनेटरने परवानगी विचारली नाही. नवरा मागच्या रांगेत होता. तो तिथून उठून गेला आणि अजून सापडलेला नाही. हॅगस्ट्रॉम ओरडला, “बाई, विषयावर या!” डोलोरेस म्हणाली, “विषय हाच आहे, बेटा. डॉक्टरच्या खोलीत आजारी माणूस असतं आणि त्याची माणसं असतात. तुझी खुर्ची तिथे कुणी ठेवली?” दोन सिनेटर लाल झाले, एक पांढरा, आणि सर्वांत म्हातारा जो होता तो वहीत काहीतरी लिहून घेत होता, मागाहून कळलं, जेलचं नाव. सिस्टर पर्पेच्युआ उठल्या आणि अडीच मिनिटं नुसत्या हॅगस्ट्रॉमकडे बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, “मला तुझी आजी आठवते. वर्गात तीही आधी बोलायची आणि मग वाचायची.” आणि बसल्या.

चौतिसावी मी. काय बोलले ते सांगत नाही, स्वतःची स्तुती कॉन्व्हेंटमध्ये शिकवली नव्हती. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी माझं संपलं. वहीत एकच नाव उरलं होतं. रसेलने ते मोठ्याने वाचलं, “विनिफ्रेड मॅकनल्टी,” आणि वहीतून मान वर केली. त्याच्या आजीचं नाव, लोरेटा. आपल्या आईचं. तू म्हणालीस ना, त्या पोराने आईचं नाव चोरलं? नवं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा घरातल्या सगळ्यांत धीट बाईचं नाव तिने मागून घेतलं. माझ्याकडे मागितलं, मी दिलं. अर्धं तुझं होतं हे खरं. ते विचारायचं राहिलं, त्याबद्दल इथे माफी मागते.

जेमतेम साडेचारला पेगबरोबर पोचलेली ती मॅकनल्टीबाई उठली, चांगल्या बुटांत. फार नाही बोलली. म्हणाली, मी विनी, मला बकऱ्यांची डॉक्टर व्हायचंय, औषध चालू राहिलं तर होईन असं वाटतं, आधी वाटत नव्हतं. आणि मग पाच वाजले, लोरेटा. मत नोंदवलं गेलं नाही. विधेयक मेलं. आम्ही चौतीस जणी रस्ता ओलांडून परत गेलो, मासे तळले, आणि त्या संध्याकाळी जितकी ताटं गेली तितकी बिशपच्या निवृत्तीलाही गेली नव्हती. विनीने तीन खाल्ली. माझ्या व्यूहरचनेचा हा विजय तुला सविस्तर कळावा, एवढाच या पत्राचा हेतू. गुडघ्याला शेक दे.

तुझी धाकटी,
कॉन्स्टन्स

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. एका ठिकाणी ज्योत हलली आहे. चार एक्कावन्नला विनी उठली. पाच लगेच वाजले नाहीत. तिला आम्ही इतकं चांगलं वाढवलंय की दीड मिनिट बोलून ती म्हणाली, “उरलेला वेळ मी समितीला परत करते, धन्यवाद.” मी खुर्चीचा दांडा असा धरला की डोलोरेस म्हणते तो अजून वाकडा आहे. सात मिनिटं उरली होती. नऊ मतं घ्यायला दोन पुरतात, आणि त्यांची मतं आमच्यापेक्षा जास्त होती. रसेलने हातोडा उचलला. मग खाली ठेवला. म्हणाला, “साक्षीदाराला एक प्रश्न. बकऱ्या कुठल्या जातीच्या?” आणि सुरू झाली की ती! जत्रेतली फीत, दूध, शिंगं. हॅगस्ट्रॉम उभा राहून ओरडला, “अध्यक्ष महोदय, घड्याळ!” रसेल त्याच्याकडे न बघता म्हणाला, “प्रश्न विचारायचा सदस्याला हक्क आहे, हॅगस्ट्रॉम. तू खुरांचं सांग, विनी.” आणि ती पाच वाजेपर्यंत खुरांचं सांगत राहिली. त्याने वॉल्टचा टाय लावला होता. हे मला नंतर लक्षात आलं.

ता. ता. क. रसेलचा पक्ष आता त्याच्यावर दात खाऊन आहे. जूनमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्याच्याविरुद्ध हॅगस्ट्रॉमच्या मेहुण्याला उभं केलंय. आणि नॉर्माला तुमच्या गावाकडून कळलं की तू तुझ्या अंगणातली रसेलच्या नावाची प्रचाराची पाटी उपटून गॅरेजमध्ये टाकली आहेस, पोटच्या पोराची. तुझं घर धान्याच्या कोठारासमोर, कोपऱ्यावर. अख्खा तालुका तिथून जातो. चव्वेचाळीस वर्षं मी त्या पक्षाला मत दिलेलं नाही, पण काल मी माझ्या अंगणात त्याची पाटी रोवली. शेजारी डॉक्टर बोलवायला निघाले होते. तूही लाव. लाव ना, लोरेटा. तुझा गुडघा वाकत नसेल तर शनिवारी विनी येऊन खड्डा खणून देईल. तिला तिच्या नावाने हाक मार, आणि फ्रीज भरलेला ठेव.