वाळक्या पावाच्या दोन पिशव्या

प्रिय ड्रुसिला मावशी,

सलोमाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? लेपाने सूज उतरली का? महलॉनकाकांची तांबडी गाय व्याली असेल, तर वासराला माझं नाव ठेवू नका; का ते पुढे कळेलच. हे पत्र एकटीने वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल.

गुडघ्यामुळे तू रविवारी आमच्याकडे प्रार्थनेला आली नाहीस, म्हणून लिहिते आहे. (बरं झालं आली नाहीस.) घरी प्रार्थनेची पाळी वर्षातून एकदा येते. दीडशे माणसं जेवणार आणि जेवायला तेच असणार, जे सगळ्यांकडे असतं : घेवड्याचं सूप. पांढरा घेवडा, दूध, करपता करपता वाचवलेलं लोणी, आणि खाली वाळका पाव. कुणाचं जेवण कुणापेक्षा वरचढ नको, एवढाच त्यातला मसाला. त्यासाठी आई मार्चपासून पावाच्या कडा आणि शिळे तुकडे चुलीवर वाळवून माळ्यावर दोन पिशव्यांत टांगत होती. मला हे ठाऊक असायला हवं होतं. पण मी चार वर्षं कॉलेजात आहारशास्त्र शिकत होते.

शुक्रवारी माळा झाडताना मला त्या पिशव्या दिसल्या. एका तुकड्यावर हिरवा ठिपका होता. (एकाच. नंतर आठवून पाहिलं, तो बहुधा रंग होता.) बुरशीवर मी चाळीसपैकी चाळीस गुण मिळवले आहेत, त्यामुळे क्षणभरही विचार न करता मी दोन्ही पिशव्या कोंबड्यांपुढे रिकाम्या केल्या. वर पिशव्या धुऊन दोरीवर वाळतही घातल्या, आईला आनंद होईल म्हणून. आई गोठ्यातून आली आणि दोरीकडे बघत उभी राहिली. ओळखीचं कुणी उलटं टांगलेलं दिसावं तशी. मग म्हणाली, "कोंबड्यांनी खाल्लं ना? मग वाया नाही गेलं." ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी आम्ही ताजे पाव भाजले. ताजा पाव गरम दुधात काय करतो ते कुठल्याही पुस्तकात नाही. रविवारी पहिल्या पंगतीला पुरुष बसले, आणि एनॉस आजोबांचा चमचा सुपात उभाच राहिला. ते आईला म्हणाले, "लिडिया, उरलं तर थोडं दे गं. गाडीच्या चाकाची फट बुजवायची आहे." बाया तोंडाला एप्रन लावून हसल्या. आई म्हणाली, "माझंच चुकलं. पाव वाळवायचा राहिला या वेळी." फॅनी हॉस्टेटलर म्हणाली, "तुझा राहिला? मग उद्या सूर्यही उगवायचा राहील!" आई मान खाली घालून वाढत राहिली. आणि मी, मावशी, मी शेजारीच दुधाचा जग घेऊन उभी होते. माझ्या पदवीच्या प्रबंधाचा विषय होता, घरोघरी होणारी अन्नाची नासाडी. तोंडातून एक शब्द निघाला नाही.

बाप्तिस्मा घेऊन मग शिकायला गेले असते तर वाळीत टाकलं असतं; न घेताच गेले, म्हणून अजून सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवायला बसवतात. त्या दिवशी बसवलं नसतं तर चाललं असतं. आई आयुष्यात एकच खोटं बोलली, आणि तेही माझ्यासाठी.

तुझी,
सलोमा

ता. क. कोंबड्या आता दाण्याकडे बघतही नाहीत, दाराशी येऊन उभ्या राहतात. तुझ्याकडे पावाच्या कडा असतील तर आईसाठी ठेव. (सुपासाठी. मी हात लावणार नाही.)

आणखी एक. पत्र चुलीत घालू नकोस. बुधवारी तुझ्याकडे गोधडी शिवायला सगळ्या जमतील, फॅनीसुद्धा. तेव्हा मोठ्याने वाचून दाखव, चाळीस गुणांसकट. माझ्या तोंडून निघायचं नाही. पण मी आईशेजारी बसलेली असेन. मला दाराजवळची खुर्ची तेवढी देऊ नकोस.