खडूतली रेघ

आप्पा,

शनिवारी दुपारी माझे कान अजून रस्त्याकडे लागतात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, गाडी त्याच्याही आधी गेली, आणि टिळकवाडीतल्या आपल्या गल्लीत आता इतक्या गाड्या धावतात की एकीचा आवाज दुसरीपासून निवडता येत नाही. तरी दोन वाजले की माझा हात ताटात थांबतो. सून विचारते, "मामा, भाजी आवडली न्हाय का?" तिला काय सांगू?

निपाणीच्या शाळेत तुम्ही मराठी शिकवायचात. सोमवारी पहाटे निघायचात, शनिवारी अर्धी शाळा सुटली की घरी. कॅम्पातल्या लष्करी लिलावात घेतलेली ती म्हातारी मोटारसायकल. मागच्या चाकाला स्प्रिंग नाही की काही नाही, चाक थेट सांगाड्यालाच जखडलेलं. खड्डा रस्त्यात आणि दणका तुमच्या मणक्यात. लहानपणी मी पुढं टाकीवर बसायचो, तुम्ही वर्गातल्या कविता मोठ्यानं म्हणायचात, आणि दर दणक्याला एखादी मात्रा सांडायची. "ही गाडी यति कुठंबी घेती रं," म्हणून हसायचात. सगळ्याच कविता अशा धडपडत चालतात, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

मग तुमची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. संध्याकाळी तिच्यावर चादर घातलीत, आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी. ती चादर मला बघवेना. तेव्हा मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर कामाला होतो. दर रविवारी कॅम्पात जुन्या गाड्यांची खुळी मंडळी जमायची, त्यांच्यापुढं गाडी ढकलत नेली आणि म्हणालो, मागं दणके झेलणारे शॉकअप बसवायचे. लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले हवालदारकाका त्यांचे म्होरके. अनगोळचा माझा वेल्डर दोस्त गाडीभोवती फिरून म्हणाला, "हिला शॉकअप? म्हातारीला पैंजण घालायला निघालास की रं!"

"हसू नगंस," काका म्हणाले. "तिचं मागलं हाड कापायचं हाय. खेळ न्हाय त्यो."

मोडीत निघालेल्या एका नव्या धर्तीच्या गाडीचे दोन शॉकअप आणि मागचं चाक धरून वरखाली हलणारा दांडा मिळाला. चार रविवार गेले. दोस्तानं वेल्डिंग केलं, काकांनी तीन-तीनदा दोरी धरून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहिलं. माझ्याकडं एकच काम होतं. दांडा जिच्यावर हलणार ती पिन, ट्रकच्या जुन्या ॲक्सलच्या पोलादातून कातायची. टोकांना ती बारीक होते, तिथं पायरी पडते. "तिथला कोपरा गोल ठेव," काकांनी बजावलं. "धारेचा ठेवलास तर तिथनंच चीर जाती. वरनं कळत न्हाय, आन् एक दिवस तुटती."

मी कोपरा धारेचाच ठेवला. विसरलो नव्हतो, आप्पा. लेथवरून असा लखलखीत काटकोन उतरला होता, ओळीच्या शेवटी यमक बसावं तसा, की तो मोडायला जीव होईना. काकांनी विचारलं, "गोल हाय न्हवं?" "व्हय काका," म्हणालो आणि पिन आत सारली.

पुढच्या शनिवारी तुम्ही गल्लीतून एक फेरी मारून आलात, एक अख्खी कविता न तुटता म्हणत. "आरं, ही चालत न्हाय, वाहती!" आईसमोर माझ्या खांद्यावर थाप मारलीत. त्या थापेखाली मी गार पडलो होतो.

सोमवार उजाडला की मला तवंदीचा घाट दिसायचा. लेथवर काम फिरतंय, आणि मी बघतोय की वळणावर पिन तुटली, चाक तिरकं झालं, तुमची टोपी उताराला घरंगळत चालली. शनिवारी दीडपासून मी कोपऱ्यावर उभा. तुम्हाला वाटायचं, पोरगा वाट बघतोय. तिसऱ्या रविवारी तुम्ही म्हणालात, "चल, बस मागं, कॅम्पात जाऊन येऊ." मी म्हणालो, पोट दुखतंय. तुम्ही किक मारायचं सोडून घरात गेलात आणि मूठभर ओवा आणून माझ्या तळहातावर ठेवलात.

पाचव्या शनिवारी तुम्ही जाहीर केलंत की सोमवारी आईलाही नेणार, शाळेचं स्नेहसंमेलन आहे. आईनं इरकल लुगडं काढून उन्हात टाकलं. रविवारी सकाळी "ग्रीस घालून आणतो" म्हणून गाडी कॅम्पात नेली, जाताना तुमच्या सदऱ्याच्या खिशातला खडू उचलला, आणि काकांना सगळं सांगितलं. त्यांनी पिन काढली, रॉकेलमध्ये बुडवून कोरडी पुसली आणि वरून खडू फासला. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूत उमटतं. आम्ही बघत बसलो. पायरीच्या कोपऱ्यात, केसाएवढी, काळपट रेघ हळूहळू वर आली आणि पिनेला निम्मा वेढा घालून थांबली.

"निम्मी गेल्या," काका म्हणाले. "जा, नवी कात. मी हितनं हालत न्हाय."

मालकांच्या विनवण्या करून रविवारी कारखाना उघडून घेतला. या वेळी कोपरा अंगठ्यासारखा गोल ठेवला. पिन बसवून झाल्यावर काका म्हणाले, "मास्तरांस्नी मी सांगनार न्हाय. तू सांग." आई निपाणीहून आली ती म्हणत, "झोपाळ्यावर बसल्यागत वाटलं बघ." तुम्ही पुढं निवृत्त होईपर्यंत ती गाडी चालवलीत.

जुनी पिन माझ्या कपाटात आहे. हे लिहून झालं की कागद तिच्याभोवती गुंडाळून ठेवीन, दुसरीकडं कुठं पाठवणार? पाच सोमवार तुम्ही एकटे त्या पिनेवर गेलात आणि मी गप्प होतो. आई बसणार म्हटल्यावर माझे हात हलले. यावर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला अजून ठरवता येत नाही. पण एवढं सांगतो. ओवा मी सगळा चावला, तुमच्यासमोर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या रविवारी माझं पोट दुखत नव्हतं, आप्पा. मला तुमच्या मागं बसायची भीती वाटत होती.