धावपट्टीवरचं सोयाबीन

दादा,

जयभीम. एवढंच नीट लिहून राह्यले, पुढं सगळा राग आहे.

"ज्योत्स्ना, हितं विमान कुठं येतंय? बिनधास्त वाळव," असं तूच म्हणलास. धावपट्टीचा वॉचमन तू, गेटची चावी तूच दिली. काल सकाळी इंजिन बिघडलेलं ते छोटं विमान माझ्या सोयाबीनवर उतरलं. दाण्यांवर ब्रेक लागला न्हाई, घसरत जाऊन नाल्यात पडलं. पायलट पोरगी, तुझ्या लेकीएवढी, आपल्या रूपालीएवढी. दोन्ही पाय मोडले. मी तिला ताडपत्रीवर ओढून बाहेर काढलं, तवा तू लांब उभा राहून साहेबाला फोन करून राह्यल्तास.

अन् पोलिसापुढं म्हणलास, "ही बाई कोण, मला म्हाईत न्हाई. तारेखालून घुसली असंल."

सख्खी बहीण, दादा!

मंग मी पण तेच सांगितलं. तुझ्या लेकरांकडं बघून सांगितलं, तुझ्याकडं न्हाई. हे पत्रही टाकणार न्हाई. कुणाच्या हाती लागलं तर तुझी नोकरी जाईल.

चावी माझ्या खुंटीला आहे. वहिनीला पाठवू नको. स्वतः ये, अन् नावानं हाक मारून माग.

तारेखालून घुसलेली बाई